डावं चाक सासऱ्यांचं, उजवं मेहुण्याचं

आधीच सांगून ठेवतो, की हे मी शांतपणे सांगणार नाही. ऑफिसात मी मवाळ माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या टेबलावरचा स्टेपलर कोणीही उचलून नेतं आणि वर मलाच विचारतं, पिना संपल्यात का. पण हल्ली मी रस्त्याने जाताना प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकांकडे दातओठ खात बघतो. ती सरळ असली तर माझा जळफळाट होतो आणि वाकडी असली तर गाडीवाल्याला थांबवून विचारावंसं वाटतं, तुमच्याकडे सासरे किती आणि मेहुणे किती.

माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात. गुडघे त्यांचे, दुखणं त्यांचं, पण खाली बसली ती माझी गाडी. पूर्वी गाडीत चढताना ते असे काही कण्हत, की समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटावं, जावई म्हाताऱ्याला कोंबून कुठे तरी सोडायला निघालाय. मी म्हणालो, पुढची सीट बदलून घेऊ. मेहुणा म्हणाला, "भावोजी, सीट काय बदलता, गाडीच खाली घ्या. आखूड स्प्रिंगा टाकल्या की चार बोटं खाली येते. दिसतेही झकास." मेहुण्याला गाड्यांतलं कळतं असं आमच्या घरात मानलं जातं, कारण दुसऱ्या कशातलंही कळतं असं कोणी मानत नाही.

गाडी चार बोटं खाली आली. सासरे आता आत बसतात ते अगदी टपकन. प्रश्न उतरायचा आहे. सीट इतकी खाली गेली आहे की त्यांना बाहेर काढायला एकाने हात ओढावे लागतात आणि दुसऱ्याने दार धरावं लागतं. "पण चढायला काही त्रास नाही हो आता," असं ते आत अडकल्या अडकल्या कौतुकाने सांगतात.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण पंक्चरवाल्याने एक दिवस मागचं चाक काढून माझ्यापुढे धरलं. बाहेरच्या बाजूने टायर नवंकोरं आणि आतल्या बाजूने पार टक्कल. गाडी खाली घेतली की चाकं वरून आत झुकतात, उभं राहून दमलेला माणूस जसा गुडघे जुळवून उभा राहतो तशी, आणि मग सगळा भार आतल्या कडेवर पडतो. चाकं सरळ करून घ्या म्हणावं, तर मागच्या बाजूला सरळ करायची सोयच कंपनीने ठेवलेली नाही. कंपनीला काय माहीत, कोणाच्या सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत ते. ती सोय विकत आणून बसवावी लागते, आणि ती दोन प्रकारची मिळते. एक प्रकार म्हणजे थोडा फेंगडा बोल्ट. तो फिरवला की चाक किंचित सरकतं. दुसरा प्रकार म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारा लोखंडी दांडा, ज्याला ती मंडळी आर्म म्हणतात. दोन्हींपैकी एक निवडायचा. कोणत्याही शहाण्या घरात हे काम एक कप चहा गार व्हायच्या आत उरकलं असतं.

घाई होती, आणि ती माझ्या बायकोची होती. ती शिक्षिका. वर्षानुवर्षं एकाच शाळेत एकच इयत्ता शिकवून झाल्यावर तिला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली, पण शहराबाहेरच्या शाळेत. तिथे सकाळची पहिली बस शाळेची घंटा होऊन गेल्यावर पोचते. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडी तुझी. मी जातो बसने ऑफिसला." असं वाक्य मी आयुष्यात क्वचित बोलतो, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात गाडीची तपासणी आली होती. टक्कल पडलेली टायरं बदलून, चाकं सरळ करून, तपासणीत पास करून गाडी तिच्या हातात द्यायची, एवढंच माझं काम होतं. नापास झाली तर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा नियम आहे. म्हणजे तिने एवढी वर्षं वाट पाहिलेली खुर्ची एका बोल्टावाचून किंवा एका दांड्यावाचून जायची.

आता माझे सासरे आणि माझा मेहुणा, हे बापलेक, एकमेकांशी बोलत नाहीत हे सांगायला हवं. सासऱ्यांनी पाणी खात्यात शब्द टाकून मेहुण्याला नोकरी लावून दिली, आणि याने ती सोडली. तेव्हापासून अबोला. म्हणून सासरे आमच्याकडे राहतात. मेहुणा राहतो पलीकडच्या गल्लीत, पण रोज संध्याकाळी आमच्याकडेच असतो. दोघं एकाच सोफ्यावर बसतात आणि मधल्या माणसामार्फत बोलतात. आधी ते काम माझी बायको करायची. लग्नानंतर अर्धं माझ्याकडे आलं.

"जावईबापू, त्याला सांगा, बोल्ट घालायचा. एवढ्याशा कामाला दांडा कशाला?"

"भावोजी, त्यांना सांगा, बोल्ट सरकतो."

"त्याला विचारा, सरकतो म्हणजे काय. जन्मभर पाइपांना बोल्ट आवळलेत मी. एक सरकला नाही."

"त्यांना सांगा, पाइप रस्त्यावरून धावत नव्हते."

"त्याला सांगा, पाइप धावत नव्हते कारण आम्ही नोकरी सोडून पळत नव्हतो."

मी दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान हलवत होतो. वास्तविक दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतं. तरी मी एखादं वाक्य पुढे पोचवायला विसरलो तर दोघंही माझ्याकडे रागाने बघतात. बायको टेबलाशी बसून पेपर तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कोणतंही घाला, पण दोन्ही चाकांना एकच घाला म्हणजे झालं." त्यावर सासरे म्हणाले, "तू तुझं काम कर," आणि त्याच क्षणी मेहुणाही म्हणाला, "ताई, यातलं तुला नाही कळत." गेल्या कित्येक वर्षांत बापलेकांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. जमिनींची मोजणी करण्यात त्यांची हयात गेली, म्हणून त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणतात. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते शेजाऱ्यांचं मोजतात. त्यांच्या कानावर बातमी जायला वेळ लागला नाही. "अहो, भाग निवडण्याआधी मुळात चाक किती वाकडं आहे ते नको का बघायला?" असं म्हणत ते ओळंबा घेऊन आले. पितळी होता, आणि त्याला बांधलेली दोरी त्यांच्या सेवेइतकीच जुनी होती. तो त्यांनी मागच्या चाकाच्या वर दोन बोटांनी धरला, आणि मी, सासरे व मेहुणा असे तिघं चाकासमोर उकिडवे बसलो. सासऱ्यांना उकिडवं बसता येत नाही, म्हणून ते पाटावर बसले. वारा आला की ओळंबा हलायचा. मोजणीसाहेब म्हणायचे, श्वास धरा. जणू वारा आमच्याच नाकातून येत होता.

बराच वेळ मोजल्यावर त्यांनी निकाल दिला, "गाडी सरळ आहे. जमीन तिरकी आहे."

म्हणून गाडी दुसऱ्या जागी नेली. तिथेही जमीन तिरकी निघाली. तिसरी जागा सोसायटीच्या सचिवांची होती. त्यांनी गॅलरीतून ओरडून विचारलं, की त्यांच्या जागेत चौघं कशाची पूजा करताय. दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली, "रहिवाशांनी आपापल्याच जागेत वाहन उभे करावे व त्याभोवती गर्दी करू नये." नाव नव्हतं, पण सगळे माझ्याकडे बघून जिना चढत होते. माझं नाव कोणत्याही फलकावर लागावं अशी माझी जुनी इच्छा होती. ती अशी पुरी होईल असं वाटलं नव्हतं.

आता खरं पाप सांगतो. आमच्या घरात भांडण मिटवायची एकच रीत आहे, ती म्हणजे अर्धं अर्धं. भिंतींना रंग द्यायचा होता तेव्हा सासऱ्यांना फिकट हिरवा हवा होता आणि मेहुण्याला पिवळा. आमच्या बैठकीच्या खोलीत दोन भिंती हिरव्या आहेत आणि दोन पिवळ्या. पाहुणे त्यांच्याकडे बघतात, आणि आम्ही पाहुण्यांना चहा विचारतो. याच रीतीने, कोणाचंच मन मोडायला नको म्हणून, मी ठरवलं की डाव्या चाकाला सासऱ्यांचा बोल्ट आणि उजव्या चाकाला मेहुण्याचा दांडा. दोघंही खूश झाले. सासरे म्हणाले, "जावईबापू, त्याला सांगा, आता कळेल." मेहुणा म्हणाला, "भावोजी, त्यांना सांगा, बघू या." मला वाटलं, मी घराचा न्यायाधीश आहे.

चाकं सरळ करणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. दुकानावर मोठी पाटी, आत मोठं यंत्र, यंत्राच्या पडद्यावर चार चाकांचे चार आकडे. चूक असला तर आकडा लाल, बरोबर असला तर हिरवा. दोन्ही बाजूंना दोन वेगळे भाग बघून तो एक शब्द बोलला नाही. मीच भीत भीत विचारलं, "असं वेगवेगळं चालेल ना?"

"साहेब, माणसाचे दोन पाय तरी कुठे सारखे असतात?" तो पानाच्या डबीचं झाकण लावत म्हणाला.

"म्हणजे चालेल?"

"हिरवं आलं की चालतं."

सगळे आकडे हिरवे आले. मला इतका आनंद झाला, की मी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली कोणीतरी लिहिलं, "अभिनंदन, कोणत्या हॉस्पिटलात?" त्याचंही मला काही वाटलं नाही.

दुकानापासून दुसऱ्याच गतिरोधकावर डाव्या बाजूने 'टक्' असा आवाज आला. त्यानंतर गाडी सरळ चालेना. म्हणजे चालत होती, पण तोंड एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. सरळ जायचं तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागे. मागून येणाऱ्याला वाटे मी वळतोय, पुढून येणाऱ्याला वाटे मी अंगावर येतोय, आणि दोघंही माझ्या तीर्थरूपांची आठवण काढून जात. बोल्ट सरकला होता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण घरी मी ते सांगू शकत नव्हतो.

"जावईबापू, त्याला सांगा, दांड्याने ओढून ओढून माझा बोल्ट हलवला."

"भावोजी, त्यांना सांगा, मी काही बोलत नाही. गाडीच बोलतेय."

परत दुकानात गेलो. परत हिरवं केलं. परत गतिरोधक, परत टक्. दुकानदार म्हणाला, "साहेब, गाडीला सवय होऊ द्या." टेकडीवर जाऊन ओरडावंसं वाटलं, पण गाडी टेकडीपर्यंत सरळ गेली नसती.

शनिवारी तपासणी होती. गाडी कागदोपत्री बायकोच्या नावावर आहे, त्यामुळे तिला सहीला यावंच लागलं. सासरे आले, कारण बोल्ट त्यांचा होता. मेहुणा आला, कारण दांडा त्याचा होता. दोन्ही वकील बरोबर घेऊन मी आरोपीसारखा निघालो.

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज बघितला. "गाडीत बदल केलाय ना? इथे बसवलेल्या भागाचा प्रकार लिहायचा राहिलाय."

"दोन प्रकार आहेत," मी म्हणालो.

"एकच चौकट आहे."

"हो, पण डावीकडे बोल्ट आहे आणि उजवीकडे दांडा."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "असं कोणी करतं?"

आमच्याकडे भिंतीसुद्धा तशाच आहेत, असं सांगू? त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन प्रकार असतील तर दोन अर्ज भरा." मी विचारलं, गाडी एक आणि अर्ज दोन कसे? "प्रत्येकात अर्धी लिहा," त्या म्हणाल्या. मी लिहिली. माझ्या हस्ताक्षरात, माझ्या बायकोच्या सहीने, सरकारदरबारी आमची गाडी आता दोन अर्ध्यांची आहे.

तपासणी अधिकारी तरुण होता आणि तो कोणाशीच बोलत नव्हता, त्यामुळे मला तो आवडला. त्याच्या हातात एक लाकडी ठोकळा होता. तो गाडीखालून सरकला तर गाडीची उंची पुरेशी, असा हिशेब. ठोकळा डावीकडे अडकला.

"आत कोण बसलंय?"

पुढच्या सीटवर सासरे बसले होते. आम्ही सगळे उतरलो होतो, ते उतरले नव्हते.

"आजोबा, खाली उतरा."

"उतरतो हो," सासरे म्हणाले, आणि बसूनच राहिले. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, मला काढा."

मी हात ओढू लागलो. दार धरायला कोणी हवं होतं. मेहुणा खिशात हात घालून आकाशाकडे बघत उभा. बायकोने येऊन दार धरलं. मागे रांगेतले लोक हॉर्न वाजवू लागले. आत अडकल्या अडकल्या सासरे अधिकाऱ्याला म्हणाले, "चढायला काही त्रास नाही हिच्यात." अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं की काय कोण जाणे, पण काहीतरी लिहिलं खरं.

ठोकळा शेवटी सरकला. मग गाडी जमिनीतल्या एका लोखंडी पट्टीवरून हळूहळू न्यायची होती. गाडी कुठे ओढते ते शेजारच्या तबकडीवरचा काटा दाखवतो. आमची गाडी तिच्यावरून गेली आणि काटा दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला. अधिकाऱ्याने तबकडीच्या काचेवर बोटाने टकटक केलं. काटा हलला नाही. तो पहिल्यांदा आपण होऊन बोलला, "दोन्ही बाजूंना एकच भाग घालून आणा. पुढची तारीख पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात, आणि हिची शाळा सोमवारी.

परत येताना मी वाकडं स्टिअरिंग धरून सरळ चाललो होतो. शेजारी सासरे. मागे मेहुणा आणि बायको.

"जावईबापू, त्याला सांगा, दांडा नसता तर पास झाली असती."

"भावोजी, त्यांना सांगा, बोल्ट जरा..."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कडेला घेतानाही ती आधी मध्ये गेली आणि मग कडेला आली, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. इंजिन बंद केलं आणि मी ओरडलो. मला ओरडता येतं हे मलाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, या गाडीत चार माणसं बसली आहेत आणि त्यांतल्या एकालाही, ही सोमवारी शाळेत कशी पोचणार, याची फिकीर नाही. मी म्हणालो, बोल्ट गेला खड्ड्यात आणि दांडा गेला त्याच्यामागून. मी म्हणालो, यापुढे मी कोणाला काही सांगणार नाही, ज्याला सांगायचंय त्याने मान वळवावी आणि सांगावं. बाहेरून जाणारा एक सायकलवाला थांबून बघू लागला. त्यालाही मी काहीतरी बोललो. मग माझा आवाज फाटला.

सासरे काचेतून बघत राहिले. मग मागून बायकोचा आवाज आला, नेहमीच्याच पट्टीतला.

"मी तिथे खोली घेतली आहे."

"कुठे?"

"शाळेच्या मागे. तिथल्याच एका बाईंच्या घरात वरची खोली. पलंग आहे, टेबल आहे. सोमवार ते शुक्रवार तिथे राहीन. शनिवारी दुपारी येईन."

"कधी घेतलीस?"

"तुम्ही तिघं त्या ओळंब्यासमोर बसला होता ना, त्या दिवशी. बसने गेले, बघितली, हो म्हणाले, परत आले. तुम्ही तेव्हा तिसऱ्या जागी होता."

सासऱ्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण त्या सीटवरून मागे वळता येत नाही. ते समोरच्या काचेलाच म्हणाले, "मग इथे त्याला काही सांगायचं असलं तर?"

"तो मागेच बसलाय, बाबा. त्याला सांगा."

मला राग आला होता. फार आला होता, आणि या वेळी तो कोणावर टाकावा हे कळत नव्हतं. मी आरशात तिच्याकडे बघून विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही मधला मार्ग काढला असता. तीन दिवस खोली आणि दोन दिवस गाडी."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खरं सांगतो, तिचं वाक्य संपायच्या आतच माझ्या मनात तोच हिशेब सुरू झाला होता, आणि कोणते तीन दिवस, इथपर्यंत मी पोचलोही होतो. मी तोंड मिटलं आणि गाडी सुरू केली. घरापर्यंत कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी तिची बॅग घेऊन बसथांब्यावर गेलो. बॅग जड होती. तिने दोन चादरी, शाळेचे कागद, एक छोटा आरसा असं सगळं भरलं होतं. आम्ही बाकावर बसलो. मी तिला सांगितलं की उद्याच दोन्ही बाजूंना एकच भाग घालतो. ती म्हणाली, घाला. कोणता, ते तिने विचारलं नाही, आणि मीही ठरवलेलं नव्हतं.

बस दिसली तेव्हा तिने विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे."

"कोणाचा?"

सवयीने मी म्हणणार होतो, थोडा त्यांचा, थोडा याचा, थोडा तुझा. सगळ्यांना सारखा वाटून दिला असता. पण बस समोर येऊन उभी राहिली होती आणि वेळ नव्हता.

"माझा," मी म्हणालो.

"अख्खा?"

"अख्खा."

तिने बॅगेचा एक बंद धरला, दुसरा मी धरला होता. "मग सोडा आता," ती म्हणाली, आणि बॅग घेऊन चढली.